डावीकडची सीट

माझ्या गाडीचा ब्रेक पायाने दाबणारी जगात एकच व्यक्ती होती, ती म्हणजे आई. तिला गाडी चालवता येत नव्हती आणि ती ज्या जागी बसायची तिथे ब्रेक नव्हता, हा भाग वेगळा.

मी स्वतः गाडी हाताने चालवते. लहानपणी पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. म्हणजे आहेत, पण शोभेचे. स्टीअरिंगखाली एक दांडा बसवून घेतलाय. ढकलला की ब्रेक लागतो, ओढला की गाडी पळते. आई डावीकडच्या सीटवर बसायची आणि सिग्नल दिसला रे दिसला की उजवा पाय खाली दाबायची. "अगं लाल आहे." "दिसतंय मला." "मग दाब ना!" "दाबला गं आई, दाबला." नेरूळहून बेलापूरला माझ्या ऑफिसपर्यंत हाच संवाद, रोज. मला सोडून ती बसने घरी जायची आणि संध्याकाळी पुन्हा न्यायला हजर. तिच्या टाचेने पायाखालच्या रबरी मॅटला चांगला खळगा पडला होता. मी म्हणायचे, तुझ्या बाजूलाही एक पेडल बसवून घेऊ या, निदान मॅट तरी वाचेल. ती म्हणायची, चेष्टा कर, पण गाडी थांबते ती माझ्यामुळे.

ती नुसती बसायची नाही. माझी व्हीलचेअर घडी करून मागच्या सीटवर टाकायची आणि उतरताना काढून द्यायची. हे काम एवढ्या मुकाट्याने व्हायचं की हे काम आहे हेच मला कळलं नव्हतं. ते कळलं ती गेल्यावर.

सुरुवातीला सोसायटीचा वॉचमन चेअर ठेवून द्यायचा आणि ऑफिसात शिपाई काढून द्यायचा. "मॅडम, दोन मिनिटं हां," असं म्हणून वॉचमन गेला की मी पार्किंगमध्ये बसलेली. वर कोणी ना कोणी येता जाता विचारणार, "बरोबर कोणी नाही का?" दिसत नाही का तुम्हाला, असं अगदी ओठांवर यायचं. एकदा तर निघालंच, आणि ते काका अजून माझ्याशी बोलत नाहीत. बरंच आहे.

शेवटी मी गॅरेजवाल्याला बोलावलं आणि आईची सीट काढायला लावली. त्या जागी एक बुटकी फळी बसवून घेतली. आता मी डाव्या दाराने फळीवर बसते, सरकत स्टीअरिंगपाशी जाते आणि चेअरची घडी करून ती त्याच दारातून आत ओढून घेते. आईच्या जागी चेअर उभी. कोणाची वाट बघायची नाही, कोणाला थँक्यू म्हणायचं नाही. पहिल्या दिवशी एकटी पाम बीच रस्त्याने सुसाट गेले आणि परत येईपर्यंत रडत होते. आनंदाने की कशाने, मला विचारू नका.

गॅरेजवाला म्हणाला होता, "सीट भंगारात देऊ?" मी म्हटलं, "तुझी आई बसायची का तिच्यावर? घरात आणून ठेव." तेव्हापासून ती हॉलमध्ये खिडकीपाशी आहे, मॅट गुंडाळून तिच्याखाली. माझ्याकडे येतंय कोण बसायला? तिच्यावर पेपरांची रद्दी बसते.

मग गाडीला पंधरा वर्षं झाली आणि पासिंगची वेळ आली. पंधरा वर्षांनी गाडी पुन्हा तपासून घ्यावी लागते. पास झाली तर पाच वर्षं चालवायची, नाहीतर घरी बसायचं. गाडीने नाही, मी.

गॅरेजवाल्याने गाडीला एक चक्कर मारली आणि मान हलवली. "दांड्याचं टेन्शन नाही, तो आरसी बुकात चढवलेला आहे. पण मॅडम, पाच सीटची गाडी आणि आत सीटा चार? फेल करतील."

"मग?"

"मग काय, सगळे करतात तेच. पासिंगपुरती सीट लावू. एक दिवस ओरिजिनल, दुसऱ्या दिवशी परत आपलं."

ऐकायला किती सोपं. पण सीट लावली की चेअरला पुढे जागा नाही. चेअर मागे टाकायला माणूस हवा आणि पासिंगच्या मैदानात खिडकीवर कागद द्यायला उतरायचं तर ती काढायलाही माणूस हवा. वॉचमनच्या भरवशावर चेअर घरी ठेवून जायचं म्हणजे मैदानात गाडीत नुसतं बसून राहायचं. थोडक्यात काय, माझी गाडी मी एकटी चालवू शकते हे सरकारला दाखवायचं, तर बरोबर कोणीतरी पाहिजे. मी खूप हसले. मग फोन हातात घेतला आणि हसू गेलं.

पुण्याला भावाला फोन लावला. त्याच्या बीपीची चौकशी केली, वहिनीच्या गुडघ्यांची केली, आणि ठेवला. ऑफिसातल्या मैत्रिणीला लावला आणि एका फाइलबद्दल विचारलं, जी माझ्यासमोरच पडली होती. वरच्या मजल्यावरच्या बाईंना लावला आणि पाणी किती वाजता येणार विचारलं. म्हणजे फोन सगळ्यांना केले आणि विचारलं कोणालाच नाही. माझी जीभ भांडायला सुरीसारखी चालते, पण "येशील का माझ्याबरोबर?" हे एवढंसं वाक्य तिच्यावर येईना. आई असताना ते कधी म्हणावंच लागलं नव्हतं. त्या संध्याकाळी मला इतकं एकटं वाटलं की मी मुद्दाम मोठ्याने टीव्ही लावून ठेवला.

शेवटी गॅरेजवालाच म्हणाला, मी येतो. आदल्या दिवशी सीट लावून गेला, मॅटही अंथरली. आणि शुक्रवारी, पासिंगच्या सकाळी, या गॅरेजवाल्या साहेबांचा फोन बंद.

मी ऑफिसची रजा टाकून, नीट साडी नेसून पार्किंगमध्ये चेअरवर बसलेली. बाजूला गाडी, ओरिजिनल. वॉचमन पाण्याच्या पंपापाशी गेलेला. अशी तळतळले की गॅरेजवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेवढ्यात गेटातून मासळीवाली मावशी आत आली.

ही मावशी जवळच्याच गावातली, खाडीकाठची. आमच्या सोसायटीत पाटी घेऊन येते त्याला वीसेक वर्षं झाली असतील. आईचं आणि तिचं दर रविवारी भांडण ठरलेलं, आणि त्या भांडणाची दोघींना आठवडाभर वाट. आई गेल्यावर मी मासे घेणं जवळजवळ बंदच केलं. एकटीसाठी कोण साफ करत बसणार? तरी ती जाता जाता दारात हाक मारायची.

"काय गो बाय, आज हापिस नाय?"

मी तिला सगळं सांगितलं. खरं म्हणजे सांगितलं नाही, तिच्यावर ओरडले. सीट, चेअर, गॅरेजवाला, सरकार, सगळं तिच्याच अंगावर. तिने पाटी खाली ठेवली, कमरेवर हात ठेवून पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग चल की. मी हाय."

"तुझा धंदा?"

"मासली बर्फान हाय. तू कवा पास व्हनार तेवरं सांग."

पाटी डिकीत गेली. चेअर मागच्या सीटवर गेली, तीही तिने धाडकन आदळली. आणि ती आईच्या जागी बसली. गाडी रस्त्याला लागली. पहिला सिग्नल आला आणि मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. मावशीचा पाय खाली दाबला गेला होता, बरोबर खळग्यात. मी दांडा ढकलला आणि समोरच बघत राहिले. वळून बघितलं असतं तर गाडी बाजूला घ्यावी लागली असती.

पासिंगच्या मैदानात टेम्पो, टुरिस्ट गाड्या, रिक्षा, सगळे रांगेत. खिडकीवर कागद द्यायला मावशीने माझी चेअर हातगाडीसारखी हाणली. "सरका, सरका, लागंल!" लोक सरकले. मला कोणी बिचारी म्हणालं नाही, तेवढा वेळच तिने दिला नाही.

इन्स्पेक्टर तरुण होता, बोलायला नीट. हॉर्न, वायपर, दिवे बघितले. दांडा बुकाशी ताडून पाहिला. मी गाडीत बसून एक फेरी मारून दाखवली, ब्रेक दाखवला. मग त्याने डिकी उघडली आणि तसाच दोन पावलं मागे आला.

"हे काय आहे?"

"मांदेली," मावशी म्हणाली. "ताजी हायेत. घेताव?"

मागचा टेम्पोवाला फिसकन हसला. इन्स्पेक्टरने हसू दाबलं आणि डाव्या दाराशी आला. तिथे त्याचं हसू गेलं. सीटचे बोल्ट नवे कोरे चकाकत होते. दाराच्या चौकटीवर चाकांचे ओरखडे, सीटखालच्या पत्र्यावर फळीच्या खुणा. तो वाकून बघत राहिला.

"मॅडम, ही सीट काढलेली होती का?"

फेल केली तर उद्यापासून पुन्हा वॉचमनची दोन मिनिटं, पुन्हा ते बरोबर कोणी नाही का. माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही. आई बसते तिथे."

बसते. बसायची नाही, बसते.

"मॅट बघा साहेब," मी म्हटलं. "तिथे पायाने ब्रेक दाबून दाबून तिने खळगा पाडलाय. मी दाबला तरी तिचा विश्वास नसतो."

त्याने मॅट बघितली, मग मावशीकडे बघितलं. "या आई का?"

एक खोटं माझ्याकडून कसंबसं निघालं होतं, दुसरं निघेना. आणि मावशी, पदर खोचलेली, हाताला मासळीचा वास, ठसक्यात म्हणाली, "हां, मीच. मंग काय करू? पोरगी गारी अशी पलवते, जीव मुठीन धरून बसावं लागतं."

"माझी आईपण असंच करते," इन्स्पेक्टर म्हणाला. बोल्टवर त्याची नजर पुन्हा एकदा गेली. त्याला कळलं असावं, असं मला आजही वाटतं. त्याने सही केली.

परत येताना मी म्हटलं, "मावशी, खोटं कशाला बोललीस?"

"तू म्हनलीस आय बसते. मंग कोनीतरी आय व्हायाला नको?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तुजी आय लय भांडकुदल व्हती. आता कोन भांडतच नाय. सगली भाव इचारतान आन घेऊन जातान."

गेटाशी तिने चेअर काढून दिली, मला बसवलं आणि पाटी डोक्यावर घेतली. "परत कवा पासिंग?"

"पाच वर्षांनी."

"बापरे! तवर मी हाय का नाय कोन जाने," ती हसत म्हणाली आणि पुढच्या सोसायटीकडे वळली. तिला उशीर झाला होता.

दुपारी गॅरेजवाला तोंड पाडून आला. गिऱ्हाईक आलं, बॅटरी गेली, काय काय सांगत होता. मी शिव्या तयार ठेवल्या होत्या, पण दिल्या नाहीत. तो पाना घेऊन सीट काढायला लागला तर म्हटलं, "राहू दे. सोमवारी ये."

का म्हटलं? शनिवार, रविवार मला तसंही कुठे जायचं नव्हतं, हे झालं त्याला सांगायचं कारण. खरं कारण असं की दोन दिवस का होईना, माझ्या गाडीत दुसऱ्या माणसाला जागा होती, आणि जागा असली तर कोणी येईल असं मला उगाच वाटत होतं. वेडेपणाच. शनिवारी खिडकीतून मी तीनदा पार्किंगकडे बघितलं. रविवारी मावशी आली, तिच्याकडून मांदेली घेतली आणि भाव पाडायला भांडलेही. पण मला आईसारखं भांडता येत नाही. मी लगेच हरले.

सोमवारी सकाळी सीट निघाली आणि हॉलमध्ये जाऊन खिडकीपाशी बसली. गॅरेजवाला मॅट गुंडाळायला लागला तेव्हा मी म्हटलं, ती असू दे तिथेच. मग फळीवर बसले, सरकले, चेअर मागून ओढून घेतली. कोणाची वाट बघावी लागली नाही. पाच वर्षं आता कोणाची वाट बघावी लागणार नाही.

गाडीला अजून मासळीचा वास येत होता. बेलापूरच्या अलीकडे सिग्नल लाल झाला. मी दांडा ढकलला, आणि चेअर सरकून तिचं पुढचं चाक धप्पकन मॅटवर बसलं.

"दाबला गं आई, दाबला," मी म्हटलं.

बाजूच्या रिक्षावाल्याने वळून बघितलं. त्याला वाटलं, मी फोनवर बोलतेय.