दातांवरून लिहिलेलं वय

१९७४. शिमग्यानंतरचा मंगळवार, सकाळी दहा. कडेगावच्या बाजूच्या एका गावातली पोलीस चौकी.

हजर: हवालदार. टेबलाशी लिहिणारा शिपाई. फिर्यादी शेतकरी, ज्याचं मोडकं जू होळीत जळालं. आमचे हेडमास्तर. संपत आणि त्याचे बागायतदार वडील. विलास आणि त्याचे वडील, सुट्टीवर आलेले सुभेदार. मी. माझा बाप दाराबाहेर उकिडवा, पायताण हातात.

आम्ही तिघं आठवीत. तिघंही चौदा वर्षांचे.

होळीची लाकडं पोरांनी चोरूनच आणायची असतात. ज्याचं जातं तो दोन शिव्या घालतो, पोरं बोंब मारतात, विषय संपतो. मला वाटलं, हा रिवाज माझाही आहे. जू संपतने शोधलं. एक टोक विलासने धरलं, दुसरं मी.

आम्ही कैकाडी. कणग्या, डालगी विणणारे. इंग्रज सरकारने कायदा करून आमची अख्खी जात गुन्हेगार म्हणून लिहून ठेवली होती. माझा आजा तारेच्या कुंपणात वाढला. तो कायदा माझ्या जन्माआधी रद्द झाला. चौकीतली वही कुणी रद्द केली नाही.

हवालदाराने संपतच्या वडिलांना खुर्ची दिली.

"आवं, चौदावं सरलंय नुकतं. शिमग्याची पोरं ती," ते म्हणाले.

"व्हय की. आमी बी लय केलंय," हवालदार हसला. "समज देऊन सोडतो. पर फिर्याद लिवलीया, एक नाव तर लागतंय."

हेडमास्तरांनी पिशवीतून शाळेचे दाखले काढले. दोन.

"माजा, गुरुजी?" मी विचारलं.

"तुझा कुणी मागितला नाही."

हवालदार उठला. माझी हनुवटी धरली. अंगठा ओठाखाली घालून खालचा ओठ ओढला. बैलबाजारात वय ठरवायला करतात तसं. दुसऱ्या हाताच्या बोटाने समोरचे दात मोजले. त्या बोटाला तंबाखूचा वास होता.

"जुळलाय गडी. आठ दाती," तो शिपायाला म्हणाला. "अठरा लिव."

शिपायाने अठरा लिहिलं. सुभेदार खिडकीबाहेर बघत होते. संपत हसला. विलासने मान खाली घातली, पण तोही हसत होता. बाप बाहेरून म्हणाला, "सायेब, पोरगं ल्हान हाय." कुणी मान वळवली नाही.

सोळाच्या आतल्या मुलाला रिमांड होममध्ये ठेवतात, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. अठरावाल्याला कुठे ठेवतात, ते त्याच दिवशी कळलं. अकरा दिवस. कोठडीत सगळे बाप्ये. घाणीचा डबा मी उचलायचा. तळपायांवर पट्टा बसायचा, मग त्याच पायांवर उड्या मारायला लावायचे. आधीच्या दोन घरफोड्या कुणी केल्या ते सांग, म्हणायचे. मला त्या दोन्ही घरांची नावं माहीत नव्हती.

सुटलो तेव्हा शाळेच्या पटावरून नाव कमी झालं होतं. संपत, विलास त्याच वर्गात होते. हवालदाराने मला दर मंगळवारी हजेरी लावली. दर मंगळवारी तो माझं तोंड उघडायचा आणि आल्यागेल्याला दात दाखवायचा. मी दोनदा उघडलं.

तिसऱ्या मंगळवारी चौकीच्या ओट्यावर दोन हेडे चहा पीत बसले होते, जनावरांचे दलाल.

"बगा, आमचं खोंड," हवालदार त्यांना म्हणाला. "किती दाती सांगा. आ कर रं."

मी दात आवळले.

"आ कर."

"वय इचारा, सांगतो. दात दावणार न्हाई."

"काय म्हनला?"

मी तेच शब्द पुन्हा म्हटले. बाप पायरीवरून गयावया करायला लागला, "दाव की रं बाळा. सायेब, येडं हाय त्ये." माझ्या नजरेसमोर दांडक्याचं टोक आलं. पुढचं मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की ओट्याच्या फरशीवर माझे खालचे दोन दात पडले होते.

हवालदार वाकून बघत म्हणाला, "सा दाती झाला. जा, वय कमी केलं तुजं."

एका हेड्याला हसताना ठसका लागला. बापाने दात वेचले आणि मुंडाशाच्या पदरात बांधले. मी रक्त गिळलं. तोंड तेव्हाही उघडलं नाही. पुढच्या मंगळवारी मी गेलो नाही. त्या गावातच राहिलो नाही.

आता शिरवळला एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. यादी करणं हे माझं पोटाचं काम आहे. रविवारी दुसरी यादी करतो. आमच्या वस्त्यांवर कुणाकडे मूल झालं, कोणत्या दिवशी, नोंद झाली का, दाखला मिळाला का. ग्रामसेवक उद्या या म्हणतो. मी उद्या जातो. परवाही जातो. प्रत्येक दाखल्याची एक प्रत माझ्या ट्रंकेत असते. पोलीस एखाद्या पोराला उचलतात, तेव्हा मी बापाच्या आधी चौकीत पोचतो आणि टेबलावर कागद ठेवतो. हनुवटीकडे हात गेला, तर तो हात मी धरतो. दोनदा धरला आहे. एकदा त्यासाठी आत बसलो आहे. पुन्हा बसेन.

यादीत सगळ्यात वर एक ओळ आहे, पहिल्या वहीपासूनची. दर वर्षी नव्या वहीत उतरवून घेतो.

त्या चौकीच्या नोंदीत माझं वय अजून अठरा आहे. चौदा करून घ्यायचं. अर्ज चार वेळा परत आला. पाचवा लिहून तयार आहे, शाळेचा दाखला जोडला आहे. सोमवारी स्वतः घेऊन जायचं.