घासलेली खापरं

बोईसरच्या आमच्या वरच्या खोलीत एरवी कारखान्यातली मुलं भाड्याने राहतात. त्या हिवाळ्यात मात्र साठीच्या एक रशियन बाई राहायला आल्या. तारापूरजवळ खाडीकाठी उत्खनन चाललं होतं, त्यासाठी. मोडकंतोडकं हिंदी बोलायच्या, मला दीदी म्हणायच्या. एवढी शिकलेली बाई फुटक्या मडक्यांपायी देशोदेशी हिंडते, याचं मला हसू यायचं.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी निवडक वीस खापरं टेबलावर मांडली आणि काही टाकू नका असं बजावून कामासाठी मनोरला गेल्या. टाकू नका म्हणाल्या, धुऊ नका कुठे म्हणाल्या? खापरं आतून काळीकुट्ट होती. आमच्याकडे भांडं घासलं की त्यात तोंड दिसलं पाहिजे. बाईंना तेवढीच मदत म्हणून राख आणि तारेची घासणी घेऊन बसले. अठरा घासून झाली, तेव्हा कुठे हात दुखले म्हणून थांबले.

संध्याकाळी बाई आल्या, टेबल बघितलं आणि खुर्ची ओढून बसल्या. मग सावकाश सांगितलं. तो मळ नव्हता, करपलेलं अन्न होतं. ती मडकी वापरणारी जुन्या काळची माणसं काय शिजवत, हे प्रयोगशाळेत त्यावरूनच कळणार होतं. सगळा हिवाळा त्यासाठी खर्ची पडला होता. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

त्यांनी घासलेलं एक खापर उचलून आतून बोट फिरवून पाहिलं. मग त्यांनी वही उघडली.

"दीदी, हाथ को याद है? कहाँ ज्यादा चिपका था?"

हाताला आठवत होतं. एकेक खापर उचलून सांगत गेले. याला काठाशी पापुद्रा होता, म्हणजे पेज उतू गेली असणार. हे पसरट, याच्या बुडाशी चिकट थर होता, तो आटलेल्या कालवणाचा. न घासलेल्या दोनांत काय असेल, तेही त्यांनी विचारलं. एकात भात, दुसऱ्यात मासे, मी म्हणाले. त्यांनी शब्दन् शब्द लिहून घेतला.

दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. तपासणीत त्या दोनांत तांदूळ आणि मासेच निघाले होते. म्हणून उरलेल्या अठरांबद्दल मी सांगितलेलंही, 'घासणारीच्या सांगण्यावरून' असं लिहून, अहवालात घातलंय म्हणाल्या.

त्या बाईंचे उपकार मी कशी विसरेन? लग्न झाल्यापासून रोज भांडी घासतेय. त्यातून मला काय कळलं, हे विचारणाऱ्या त्या पहिल्या.