गुरूंचं नाव घेताना

चैत्रात पन्हाळ्यावर शास्त्रीय संगीताच्या महोत्सवाला गेले होते. ज्यांच्या घरी उतरले होते त्या शालनकाकीही सोबत आल्या होत्या. असलं गाणं त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. गायिकेनं सुरुवातीला आपल्या गुरूंचं नाव घेतलं आणि चटकन कानाची पाळी धरली.

"ताई, अजून गायल्या बी न्हाईत, मग माफी कशाची मागाय लागल्यात?" काकींनी हळूच विचारलं.

इतकी वर्षं हे बघतेय, पण मला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. "गुरूंचं नाव घेण्याइतकी आपली लायकी नाही, म्हणून," असं सांगितलं खरं, पण माझंच समाधान होईना. चूक होणारच, हे आधीच कबूल करायचं असतं का? की विद्या ज्या दारातून आत आली, त्या दाराला हात लावायचा असतो? तटावरच्या वाऱ्यानं तंबोऱ्यांचे सूर सारखे उतरत होते, आणि मी गायिकेच्या कानाकडेच बघत होते.

सकाळी काकी भाकरी थापत होत्या.

"किती पातळ हो!" मी म्हटलं.

"सासूबाईंनी शिकवली," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा हात आपसूक कानाकडे गेला.

पाळीला पीठ लागलं.