उचाट्या नव्हता तो

ऐंशीच्या दशकात मुलुंड पूर्वेला आमची बिल्डिंग संपली की मिठागरं सुरू व्हायची, आणि त्यांच्यापलीकडे खाडी. मी तेव्हा एका कंपनीत टायपिस्ट होते. हिवाळ्यात रविवारी ओहोटी लागली की उघड्या पडलेल्या चिखलावर उतरणारे पक्षी बघायला जायचे. बाबांची अट एकच, एकटीनं जायचं नाही. म्हणून आई यायची. बांधावर वर्तमानपत्र अंथरून मटार सोलत बसायची आणि कुरकुरायची, "लोकांच्या मुली रविवारी सिनेमाला जातात गं."

एका रविवारी ही कुरकुर मध्येच थांबली.

"अगं, तो पांढरा बघ. खेकड्याला कसा आपटतोय!"

माझी दुर्बीण चोरबाजारातली, एकाच डोळ्यानं दिसायचं. पण तेवढं पुरलं. पांढरं अंग, काळी पाठ, लांब राखाडी पाय. आणि चोच काळी, सरळ, अंगाच्या मानानं भलतीच दांडगी. थोडं पळायचा, थबकायचा, की खेकड्यावर झडप. पुस्तकातलं चित्र मी इतक्यांदा बघितलं होतं की नाव आपोआप तोंडात आलं: क्रॅब प्लोव्हर. आमच्या खाडीत तो कुणाला दिसल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. मी दुर्बीण आईच्या हातात दिली. बराच वेळ बघून ती म्हणाली, "चोच कसली, अडकित्ताच आहे."

पक्षी बघणाऱ्यांचं आमचं एक मंडळ होतं. अंधेरीला एका शाळेच्या वर्गात बैठक भरायची. प्रमुख एक निवृत्त अधिकारी, सगळे त्यांना साहेब म्हणत. मी उभी राहून काय दिसलं ते सांगितलं.

"उचाट्या असणार," साहेब म्हणाले. "तोही काळापांढराच. नवशिक्यांची गफलत होते."

"उचाट्याची चोच बारीक असते, वर वळलेली. ही जाड होती, सरळ होती."

"तो पक्षी समुद्रकिनाऱ्यावरचा, खाडीत एवढ्या आत येत नाही."

"आला होता."

"सोबत कुणी जाणकार होतं?"

"माझी आई होती."

वर्गभर हशा पिकला. माझे कान तापले. मी नवशिकी, हे ऐकून घेतलं असतं. पण आईला हसले.

"हसायला काय झालं?" मी मोठ्यानं म्हणाले. "तिला डोळे आहेत. तुम्ही या रविवारी, स्वतः बघा."

साहेब आले, बरोबर आणखी दोघं. पक्षी नव्हता. आम्ही ऊन चढेपर्यंत थांबलो. तरी नाही. उचाट्यांचा थवा मात्र पाण्याच्या कडेला चरत होता. साहेब समजुतीनं बोलले, "असू दे. मंडळाच्या वहीत उचाट्या म्हणून नोंद करू, म्हणजे तुमचंही नाव राहील."

"मला त्या दिवशी उचाट्या दिसलाच नाही, तर नाव कशाला राहायला हवं? नोंद करू नका. खोटी तर नकोच."

आई मटार बाजूला ठेवून उठली. "साहेब, जरा तुमची दुर्बीण द्या. उचाट्या कुठला म्हणालात?"

त्यांनी थवा दाखवला. आईनं बघितलं, दुर्बीण परत केली.

"छे! ही तर दाभणासारखी चोच. आम्ही बघितला तो हा नव्हे."

साहेब हसले नाहीत, पण मानलंही नाही. "बाई, अशी नोंद होत नसते," म्हणाले आणि बूट झटकत स्टेशनच्या दिशेनं निघून गेले. तो पक्षी त्या हिवाळ्यात पुन्हा दिसला नाही. नोंद झाली नाही, ती आजतागायत झालेली नाही. पण मी एक अक्षर मागे घेतलं नाही, घेणारही नाही.

मंडळ सोडेन असं सगळ्यांना वाटलं होतं. मी कशाला सोडू? पुढच्या बैठकीला आईला सोबत घेतलं.

"मी काय करू तिथे?" इस्त्रीचं लुगडं नेसता नेसता ती म्हणाली.

"बस माझ्या शेजारी."

वर्गात शिरल्यावर ती मागच्या बाकाकडे वळली. मी तिचा हात धरला आणि तिला पहिल्या बाकावर, साहेबांच्या बरोबर समोर बसवलं.