घासलेली शिवराई

१९९९ साली मी सदुसष्ट वर्षांचा होतो. हे वय बायकोच्या हिशेबाने. शाळेचा दाखला निघावा इतका मी शाळेत गेलोच नाही. दुसरीत असताना वडिलांनी भाता ओढायला बसवलं, तो बसलोच.

सगळा जन्म भांड्यांना कल्हई करण्यात गेला. रत्नागिरीच्या गल्ल्या तर झाल्याच, पण सावर्ड्यापासून दापोलीपर्यंत एसटीच्या टपावर भाता टाकून हिंडलो. पातेलं यायचं काळंकुट्ट आणि जायचं चांदीसारखं. घरची बाई त्यात तोंड बघायची नि हसायची. त्या हसण्यावर जगलो म्हणा ना. मग स्टील आलं. त्या नव्व्याण्णव साली तर एखाददुसरं पातेलं यायचं, तेही लग्नाच्या जेवणावळीचं. उजवा खांदा भात्याने खाल्ला होता. तरी सकाळी उठून मागीलदारी जाऊन बसायची सवय सुटली नव्हती. बसायचं, विझलेल्या भट्टीकडे बघायचं, उठायचं.

माझ्याकडे बिस्किटाच्या डब्यात जुनी नाणी होती. नवे पैसे आले आणि जुने चालेनासे झाले, तेव्हा गावोगावच्या बायकांनी ती मला तांबं म्हणून दिली होती. भांड्याला ठिगळ मारायला उपयोगी पडत. बरीचशी मी ठोकून वापरली. पण ज्यांच्यावर अक्षरं नीट उठून दिसत होती, त्यांच्यावर हातोडा घालवेना. मला ती वाचता येत नव्हती, पण अक्षर ते अक्षर. अशा शिवराया, राणीच्या छापाचे पाव आणे, भोकाचे पैसे डब्यात साठत गेले.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब राहायचे. त्यांना नाण्यांचा नाद. वाचनालयाच्या हॉलात गावातली जुनी नाणी मांडायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा माझ्याकडे येऊन डबा उघडून बघितला आणि खूश झाले. म्हणाले, एकेक नाणं काचेखाली ठेवू आणि शेजारी ज्याचं त्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी. मी वरवर हो-हो केलं. पण आत काहीतरी हललं. माझं नाव असं मांडलेलं मी कुठे पाहिलं नव्हतं. विजेचं बिल अजून वडिलांच्या नावाने येत होतं.

जाता जाता साहेब म्हणाले, "चाचा, आहेत तशी आणा. काही करू नका."

आता आमच्याकडे पाहुणा दारात उभा राहून म्हणतो, काही करू नका हं. म्हणून कोणी चूल विझवून बसतं काय? चहा टाकतात, घरात असेल ते तळतात. साहेबही तसंच म्हणाले असं मी धरलं. भला माणूस, आपल्याला त्रास नको म्हणून बोलला.

मी चिंच भिजवली, मीठ घेतलं, राख चाळून घेतली आणि मागीलदारी बसलो. एकेक नाणं घासलं, धुतलं, कापसाने पुसलं. कितीतरी महिन्यांनी हाताला काम मिळालं होतं. खांदा ठणकत होता, पण बरं वाटत होतं. बायको येऊन बघून गेली. साहेब नको म्हणाले होते ना, असं तिने विचारलं. मी म्हटलं, लोक तसं म्हणतात.

"काळं काही दिसलं की तुमचा हात शिवशिवतो," ती म्हणाली. "बरं झालं मी गोरी निघाले."

हॉलात गेलो तेव्हा साहेबांनी टेबलावर तीन ताटं मांडली होती. एकात कोरी नाणी, एकात थोडी झिजलेली, एकात जास्त झिजलेली. माझा डबा उघडला तसा उजेड पडला. साहेबांनी एक नाणं कडेने उचललं, भिंगाखाली धरलं, परत डब्यात ठेवलं. तीनपैकी एकाही ताटात नाही.

"घासलीत?" त्यांनी विचारलं.

"घासली. मळकी आणू काय तुमच्या काचेखाली?"

ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी आपली एक शिवराई काढली आणि भिंग माझ्या हातात दिलं. फणसाच्या भाजलेल्या आठळीच्या सालीसारखी तपकिरी, एकसारखी. अक्षरांच्या कडा जागच्या जागी. मग माझी दाखवली. नुसत्या डोळ्यांना झगझगीत दिसणारी ती भिंगाखाली सोललेल्या गुडघ्यासारखी लाल दिसली आणि तिच्यावर केसासारख्या बारीक रेघाच रेघा. सगळ्या गोल गोल. तो हात मी ओळखला. पातेल्यात माझा हात असाच फिरतो.

साहेब समजावून सांगत होते. नाणं हातोहात फिरून गुळगुळीत होतं, त्याला कोणी नावं ठेवत नाही. पोचा आला तर किंमत उतरते, पण नाणं बाद होत नाही. काळपट रंग म्हणजे मळ नव्हे, ती तांब्याची कातडी. ती यायला माणसाचं आयुष्य जातं.

"झीज चालते, चाचा," ते म्हणाले. "घासलेलं चालत नाही."

मी म्हटलं, "तुम्ही रोज अंघोळ करता. तुमची किंमत उतरली काय?"

"मी राखेने अंघोळ करत नाही."

हसले ते. मलाही हसू आलं असतं, पण आलं नाही. मी विचारलं, परत काळी होतील काय? होतील म्हणाले, बऱ्याच वर्षांनी, तीही ठिपक्याठिपक्यांनी. रेघा मात्र जाणार नाहीत.

मग माझं तोंड बघून त्यांनी एक तोड काढली. माझी एक शिवराई आपल्या शिवराईशेजारी ठेवतो म्हणाले. लोक सणासुदीला घरची नाणी घासतात, त्यांना फरक कळेल. चिठ्ठीवर एवढंच लिहायचं, घासल्याने खराब झालेलं नाणं. "तुमचं नाव घालणार नाही, काळजी करू नका."

हे जास्त लागलं. माझ्या हातचं काम काचेखाली बसणार आणि नाव तेवढं लपवणार, चोरीचा माल असल्यासारखं. मी डबा बंद केला आणि घरी आलो.

बायकोला सांगितलं. तिने चहा पुढे ठेवला. म्हणाली, "नाव नाही तेच बरं. गल्लीभर हसतील."

मी दमलो होतो. नुसता खांदाच नव्हे, सगळाच दमलो होतो. ज्या हाताने घरं उजळली म्हणून मिरवलो, त्याच हाताने ही नाणी सोलली. पण हात एकच. कल्हई निघाली म्हणून एखादी बाई भांडं परत घेऊन आली, तर ते दुसऱ्याचं काम असं मी कधी सांगितलं नव्हतं. माझं म्हणून घ्यायचो आणि परत बसायचो.

दुसऱ्या दिवशी पहाटे फजरची नमाज पढून मी डब्यातली सगळ्यात झगझगीत शिवराई काढली. साहेबांसारखी कडेने धरली आणि कापसात गुंडाळली. हॉलाला कुलूप होतं. पायरीवर बसून राहिलो. साहेब आले तसं ती त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हटलं, "तुमच्या शिवराईशेजारी ठेवा. माझं नाव लिहा, वडिलांचंही लिहा. खाली कल्हईवाला लिहा. आणि खराब झालेली लिहू नका, घासलेली लिहा. बघणाऱ्याला कळतं."

त्यांनी लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. मी परत एकदा वाचायला लावलं. मग चिठ्ठी घेतली, माझ्या हाताने काचेखाली सरकवली, आणि खांदा दुखत होता म्हणून समोरच्या बाकावर बसलो.