डब्यातला सरदार

झिंगरूभाऊ धानाच्या बांधावरून चालू लागला, की त्याचा डावा हात आपोआप डोक्याकडे जाई आणि नसलेला पदर सावरून परत येई. अंगावर धोतर-बंडी, पण चाल अशी की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, कोणाची तरी नवी सून पाण्याला निघाली. आमच्या एकोडीच्या दंडारीत, म्हणजे गावच्या नाचगाण्याच्या नाटकात, बायांची कामं पुरुषच करत, आणि राणी व्हावं ते झिंगरूभाऊनंच. मी राजा व्हायचो. राजा बदलला असता तर गावाला कळलंही नसतं; राणी बदलली असती तर गावानं दंडारच उधळली असती.

एकच माणूस त्याची राणी पाहायला कधी आला नाही, त्याची बायको भागावयनी. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे दंडारीची जत्रा, भरायची, पाहुण्यांनी गाव फुगायचं, भरदुपारी ढोलकी कडाडायची आणि वयनी एकटीच चुलीपुढे. "आपलाच धनी लुगडं नेसून मुरकते, थे मी कायले पाहू? माणूस होऊन उभे राहा, मंग येईन," असं तिनं लग्नाच्या वर्षीच बजावलं होतं. झिंगरूभाऊ हे हसत सांगायचा, पण सारं गाव वाहवा करी आणि घरचं माणूस पाठ फिरवी, हे त्याला फार लागत असे.

पंचाहत्तरच्या सुमारास साकोलीला तंबूतली टॉकीज आली. आम्ही बैलगाडी जुंपून गेलो. सिनेमा इंग्रजी, जुन्या काळच्या युरोपातल्या एका सरदाराचा. अंगभर लोखंड चढवून तो घोड्यावरून भाल्यानं लढायचा. भाषेतलं ओ की ठो कळलं नाही, तलवारी मात्र सगळ्यांना कळल्या. शेवटी सरदार राजापुढे गुडघा टेकतो आणि राजा त्याच्या खांद्यावर तलवार ठेवतो, तेव्हा झिंगरूभाऊनं माझा दंड गच्च धरला.

"राजा, या मंडईले मी हाच होतो. पाहू तुही वयनी कशी येत नाही!"

मग तेलाचे पिपे कापून चिलखत झालं. डोक्यावर वनस्पती तुपाचा डबा, डोळ्यांपुरती भोकं पाडलेला. मंडईच्या दिवशी भागावयनी खरंच आली, धुतलेलं लुगडं नेसून बायांच्या पहिल्या रांगेत बसली. सरदार खडखडत आला. डब्यातून म्हशीसारखा हंबरला, तलवार फिरवली. पण तोंडच दिसेना! "हा कोन गा?" लोक विचारू लागले. वयनी मान लांबवून पाहत होती. नवरा काही तिला सापडेना.

शेवटी तो माझ्यापुढे गुडघ्यावर बसला. मी तलवार उचलली, आणि इतक्या वर्षांची सवय, सरदारानं डावा हात वर नेला, नसलेला पदर डब्यावरून पुढे ओढला आणि लाजून मान खाली घातली.

पहिली हसली ती भागावयनी. ताडकन उभी राहून ओरडली, "अवो, थेच व्हय! आमचेच व्हय!" मग सारी मंडई लोळली. डब्यातून मला विचारणा झाली, "काहून हासून राहिले गा?" मला हसू आवरेना, तलवार त्याच्या खांद्यावर टेकलीच नाही.

संध्याकाळी तो ओसरीवर चिलखत सोडत तोंड पाडून बसला होता. "माणसाची राणी होनं सोपं हाये गा, राणीचा माणूस होनं कठीण!" तेवढ्यात वयनीनं पेटीतून आपलं लग्नातलं हिरवं पातळ काढून त्याच्या मांडीवर टाकलं.

"येत्या मंडईले हे नेसा. आन् पदर असा घेत नसतेत. मी शिकवीन."

त्यानंतरच्या प्रत्येक मंडईला राणी हिरव्या पातळात आणि वयनी पहिल्या रांगेत. राणीचा पदर ढळला की तिथूनच ओरडायची. झिंगरूभाऊ नाटक थांबवून पदर नीट करायचा, मगच माझ्याशी बोलायचा. राजाला विचारतो कोण!

झिंगरूभाऊ जाऊन त्याचं तेरावं झालं, त्या दिवशी वयनीनं ते पातळ घडी करून माझ्या हातात दिलं. "भाऊजी, नव्या राणीले द्या. आन् तिले सांगा, पदर त्यायच्यासारखाच घ्याचा."