मायच्या कपाळावरचं कुंकू

मेणाचा वास आला की मला मायचं कपाळ आठवतं. दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या साली बापानं कारंज्याच्या बाजारातून विलायती रंगाचं लालभडक कुंकू आणलं. आठ दिवसांत त्याखाली पुरळ उठलं आणि चिघळलं. "माय, तुले हे सोसत नाई, आपलं घरचं हळदीचं लाव ना," मी म्हटलं. "नवऱ्यानं हौसेनं आणलेलं कुंकू टाकू काय? काय बोलून राह्यली तू!" म्हणत तिनं कुंकू चिकटून राहावं म्हणून जखमेवरच मेण लावून तेच कुंकू दाबलं. रोज तसंच करायची; मला संताप यायचा. दोन वर्षांनी बाप गेला, कुंकू पुसलं गेलं आणि महिन्याभरात जखम वाळली. आता मालकांनी आणलेल्या कुंकवानं माझंही कपाळ चिघळलंय. ते जिवंत आहेत, म्हणून मी बोटावर मेण घेते.